आबांची जीप वेशीतून काढताना

"येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या," असं मी ओरडत होतो आणि सर्जेराव गाडी येऊ देत होते.

मी डोक्याला फेटा बांधून, गाडीकडं तोंड करून उलटा चालत होतो. नजर चाकांवर. डावं चाक गटारापासून वीतभर लांब, उजवं चाक पायरीपासून तेवढंच. अगदी झकास. मी अंगठा वर करून दाखवला आणि त्याच वेळी डोक्यावर 'खाण्ण' असा आवाज झाला.

बँड थांबला.

आमच्या धंद्यात गाडीपुढं उभं राहून ड्रायव्हरला वाट दाखवणाऱ्याला स्पॉटर म्हणतात. ऑफ-रोडिंग म्हणजे रस्ता नसलेल्या जागी गाडी घालणं. तिथं सगळा धोका खालून असतो. दगड, खड्डा, ओंडका. म्हणून स्पॉटर खाली बघतो. मी इतकी वर्षं खालीच बघत आलोय, वर बघायची सवयच उरली नाही. त्या दिवशी वर बघितलं तर जीपच्या माथ्यावरची लोखंडी चौकट गावाच्या वेशीच्या कमानीला टेकलेली होती. आणि जीपमध्ये नवरदेव बसलेला होता.

तर हे सगळं तिथवर कसं आलं, ते सांगतो.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. वाळूजला एका कंपनीत बरीच वर्षं काढली, मग स्टेशनजवळच्या जुन्या इंडस्ट्रियल एरियात स्वतःचं गॅरेज टाकलं. जुन्या फोर बाय फोर गाड्या ऑफ-रोडसाठी मॉडिफाय करून देतो. माझी बायको सुनंदा शाळेत गणित शिकवते. तिच्या भाषेत, मी लोकांच्या चांगल्या गाड्या बिघडवून देतो.

सर्जेराव बिडकीनच्या बाजूचे. जमीन इंडस्ट्रीसाठी गेली, मुलगा संकेत पुण्यात नोकरीला. सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न. तेवढ्यात त्यांना शहरातल्या ऑफ-रोडवाल्यांचा ग्रुप सापडला. एके दिवशी ते वडिलांची जुनी जीप घेऊन गॅरेजवर आले.

"इंजिनिअर, हिला डोंगर चढता आला पाह्यजे."

"कुठला डोंगर?"

"कुठला बी."

जीप त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी मिलिटरीच्या लिलावातून आणलेली. गाडीची तब्येत अजून ठणठणीत. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते, फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना. चिखलात दोन चाकांनी हात टेकले तरी उरलेली दोन ओढून नेतात. एकत्र कुटुंबासारखंच, फक्त इथं खरोखर ओढतात.

मी म्हटलं, पाटे बदलू. टेम्पोच्या मागच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची वाकलेली जुडी दिसते ना, ते पाटे. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर बसतं. ते जास्त कमानीचे घातले की गाडी चाकांपासून वर उचलली जाते. याला लिफ्ट म्हणतात. मग मोठे टायर बसतात, आणि पोट दगडांना घासत नाही. वर रोल केज, म्हणजे जाड पाइपची चौकट. गाडी उलटली तर आतली माणसं वाचावीत म्हणून. पुढं मजबूत लोखंडी बंपर.

"पाटे जाडच टाका," सर्जेराव म्हणाले. "आन् ती चौकट हालली नाय पाह्यजे."

माझा फिटर शकीलभाई पाटे बघून म्हणाला, "साब, इत्ते मोटे? ट्रक है क्या ये?"

"गिऱ्हाईकाला पाहिजेत."

"गिऱ्हाईक कू तो कुछ बी होना. बैठनेवाले की कमर का सोचो." पण त्यानं बसवले. रोल केज हलू नये म्हणून मी स्वतः बोल्ट आवळले आणि वरून नट वेल्ड करून टाकले. मला त्या वेल्डिंगचा फार अभिमान होता. फोटो काढून मी ते सुनंदालाही दाखवलं होतं. तिनं "छान" म्हणून भाजी परतायला घेतली.

मधे एकदा आबा गॅरेजवर आले. धोतर, काठी, चष्म्याला दोरी. जीपभोवती एक फेरी मारली.

"हिचे पाय सुजले का?"

"आबा, ग्राउंड क्लिअरन्स वाढवलाय. आता खालून दगड लागणार नाहीत."

"आधी कवा लागले व्हते?"

आबांनी सीटकडं बघितलं. ती त्यांच्या छातीला येत होती.

"आन् म्या चढायचं कसं?"

"पायदान लावून देतो ना."

"आमच्या घरातला दर एक नवरदेव ह्या जीपमधी बसून मारुतीला गेलाय," आबा म्हणाले. "म्या सोताच्या हातानं नेला. आता संकेतचा नंबर हाय. ध्यानात ठिवा."

"आबा, फक्त पाय मोठे केलेत. बाकी जीप तुमचीच," असं मी ठासून सांगितलं. माझ्या मते ते खरंच होतं.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघतो. त्याला परण्या म्हणतात. सर्जेरावांच्या गावात नियम असा, की नवरदेव एकदा गाडीत बसला की मारुतीच्या पारापर्यंत त्याचा पाय भुईला लागू द्यायचा नाही. सर्जेरावांचं घर गावात, मारुती वेशीबाहेर, आणि मारुतीच्या पलीकडं शेतात मांडव. मांडवात पाचोडची मंडळी, म्हणजे नवरीकडचे, मुहूर्ताची वाट बघत बसलेले.

अशी मॉडिफाय केलेली गाडी रस्त्यावर चालवणं नियमात बसत नाही. म्हणून आम्ही ती ट्रॉलीवर घालून नेतो. आदल्या दिवशी ट्रॉली गावात आली ती मागच्या रस्त्यानं. सगळी मोठी वाहनं तिकडूनच येतात. वेस जुनी, बैलगाडीच्या मापाची, आणि तिच्याखालचा रस्ता ग्रामपंचायतीनं थरावर थर टाकून उंच केलेला. आबांची मूळची जीप त्यातून आरामात जायची. मी गाडीची उंची मोजली होती, रुंदी मोजली होती, किती तिरकी झाली तर उलटेल तो कोनही काढला होता. वेस मोजली नव्हती.

आता परत त्या 'खाण्ण'कडं येऊ.

शकीलभाईनं चौकटीवरची लायटीची पट्टी आधी काढली. तरी दोन बोटं कमी पडत होती.

"हवा सोडा, हवा!" गर्दीतून आवाज आला. पुलाखाली अडकलेल्या ट्रकची ती गोष्ट सगळ्यांनीच ऐकलेली असते. मीही ऐकलीय. पण त्या गोष्टीतल्या ट्रकला चिखलातले टायर नसतात. या टायरची बाजूची भिंत इतकी कडक असते, की हवा सोडली तरी तो मान खाली घालत नाही. मी मुद्दाम तसलेच निवडले होते आणि सर्जेरावांना त्यांचं कौतुकही भरपूर ऐकवलं होतं. चारही चाकांची हवा सोडली. एक बोट मिळालं. एक अजून राहिलं.

"कटर है साब, डेकोरेशनवाले के पास," शकीलभाई कानात म्हणाला. "उप्पर का पाइप काट डालूं क्या?"

आबांचे कान या वयातही तिखट. "नवरदेवाच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या हायेत, इस्तवाच्या ठिणग्या नाय."

बोल्ट खोलता आले असते, पण नट वेल्ड केलेले. शकीलभाईनं त्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. "बहुत मजबूत है साब," एवढंच म्हणाला.

"मागल्या रस्त्यानं काढा मंग," कुणीतरी सुचवलं.

मागचा रस्ता स्मशानावरून जातो.

"तिकडून आमच्या घरातलं मानूस एकदाच जातं," आबा म्हणाले. "चौघांच्या खांद्यावर."

मग ते माझ्याकडं वळले. "इंजिनिअर, सगळ्यांसमोर सांगतो. जीप येशीतून गेली तर तुमची विद्या खरी. न्हाय गेली तर उद्या हिला जशी व्हती तशी करून माझ्या दारात आनून लावायची."

सर्जेरावांचा चेहरा एवढासा झाला. पुढच्याच रविवारी त्यांची पहिली स्पर्धा होती. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ते माझ्याकडं असं बघत होते, जसं मूल परीक्षेच्या हॉलमधून खिडकीबाहेरच्या बापाकडं बघतं.

शेजारी संकेत मुंडावळ्या बाजूला सारून मोबाईलवर टाइप करत होता.

"काय म्हनती सूनबाई?" सर्जेरावांनी विचारलं.

"विचारतीय, घोडा अडला का. मी म्हणलं, फोर बाय फोर अडली. तिनं हसायचं चित्र पाठवलंय."

मी मनात म्हटलं, मुलगी चांगली आहे.

आणि मला सुचलं. पाटे कितीही जाड असले तरी पाटेच. पुरेसं वजन पडलं की दबणारच. गाडीत माणसं भरायची. पण जाड पाट्यांना जाड माणसं लागणार. आता लग्नात नटूनथटून उभ्या असलेल्या माणसाला "तुम्ही जाड आहात म्हणून या" असं कसं म्हणणार? मी गर्दीवर नजर फिरवली, मापं घेतली, आणि प्रत्येकापुढं जाऊन नुसते हात जोडून म्हणालो, "या ना. बसा."

इथं चुकलो.

पहिले बोलावले धाकटे दाजी, म्हणजे आबांचे धाकटे जावई. गंगापूरकडचे ऊसवाले, अंगानं भरभक्कम. ते सर्जेरावांच्या शेजारी, संकेतला चिकटून बसले आणि पाटे पहिल्यांदाच कुरकुरले. मला हायसं वाटलं. दुसरा धरून आणला बबनराव आचारी. तो झारा घेऊन गंमत बघायला आला होता. तो मागं चढला. चौकट कमानीखालून सुटली. अजून दोघं बसले की काम फत्ते.

तेवढ्यात थोरले दाजी पुढं आले. आबांचे थोरले जावई, सिडकोत बँकेत नोकरी, अंगानं छत्रीच्या काडीएवढे. त्यांनी शांतपणे डोक्यावरचा फेटा उतरवला, नीट घडी केली आणि बायकोच्या, म्हणजे ताईंच्या, हातात दिला.

"चला."

"कुठं?" ताई घाबरल्या.

"घरी. धाकट्याला जीप, आचाऱ्याला जीप. आपुन काय फेटा मिरवायला आलतो?"

सर्जेरावांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी. आबा जागचे हलले नाहीत, पण काठी हलली.

मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, खरं सांगितलं की समजेल. "दाजी, हा मानाचा प्रश्न नाही. लोडचा आहे. तुम्ही बसून गाडीला काहीच फरक पडत नाही हो."

"ऐकलं?" दाजी ताईंना म्हणाले. "आमच्या बसन्यानं फरक पडत नाय म्हनं. इंजिनिअरनं लेखी द्यायचं राह्यलं फक्त."

शेवटी आबा स्वतः गेले, दाजींच्या हाताला धरलं आणि जीपपाशी आणलं. थोरल्या जावयाची जागा पुढं, नवरदेवाशेजारी. त्यात वाद नाही. धाकटे दाजी उतरून मागं गेले. त्यासरशी गाडी मागं बसली आणि पुढून नाक वर करून उभी राहिली. पुढची चौकट पुन्हा कमानीला चिकटली.

मला तेव्हा एक गोष्ट कळली, जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. पुढच्या जागा मानाच्या असतात आणि मानाची माणसं त्या घराण्यात सगळी काटकुळी होती. भरभक्कम माणसं सगळी मागच्या रांगेतली.

आता पुढं वजन हवं आणि पुढं जागा नाही. उरला बंपर. तो मीच दणकट बनवलेला, त्यावर हत्ती बसला तरी वाकणार नाही. मी बबनरावाला उतरवून त्या बंपरवर बसवलं, तोंड मांडवाकडं, हातात झारा. दाजी लगेच म्हणाले, "आचारी सगळ्यांच्या म्होरं?" मी म्हटलं, "दाजी, तो गाडीच्या बाहेर आहे. आत तुम्ही पहिले." हे त्यांना पटलं. बँकेत असं चालत असावं.

पण तोवर बातमी फुटली होती, की जीपमध्ये मान देऊन बसवतायत. भावकीतला एकेक जण येऊन उभा राहिला. कुणालाच नाही म्हणता येईना. कुणी मागं, कुणी पायदानावर, कुणी चाकावरच्या पत्र्यावर. बारीक माणसांचाही ढीग झाला की वजन होतंच. गाडी दबली, दबली, आणि मी सहा महिने खपून दिलेली उंची माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. चौकट आणि कमान यांच्यामधून आता उजेड दिसत होता.

"येऊ द्या," मी म्हटलं. या वेळी वर बघत.

जीप निघाली. बँडवाल्यांनी मघाचंच गाणं परत सुरुवातीपासून धरलं. बंपर कमानीखाली गेला, मग काच, मग चौकटीचा पुढचा पाइप. निम्मी गाडी वेशीत, निम्मी बाहेर. पाचोडची मंडळी मांडवाच्या तोंडाशी येऊन बघायला लागली. आणि नेमकी त्याच वेळी मांडवातून आरोळी आली:

"बबनराव! भात लागला!"

बबनरावानं पुढचा मागचा विचार केला नाही. त्यानं झारा उंचावला, उडी मारली आणि धूम ठोकली. इतक्या जड माणसाला इतकं पळताना मी कधी बघितलं नाही. बंपर हलका झाला, गाडीनं नाक वर उचललं, 'खाण्ण' झालं आणि चौकट कमानीत पाचरीसारखी बसली. पुढं नाही, मागं नाही. चाकं जागेवर घसरायला लागली. चारही. फोर बाय फोर होती ना.

"कुणीही उतरू नका!" मी ओरडलो.

"उतरायला जागा हाय कुठं?" मागून धाकट्या दाजींचा दबलेला आवाज आला. त्यांच्या मांडीवर भावकीतले तिघं होते.

आबा वेशीला टेकून उभे राहिले. हातातल्या घड्याळाकडं बघितलं. ते मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

मी गर्दीत शोधायला लागलो. जाड माणसं सगळी जीपमध्ये गेलेली. बाहेर उरल्या होत्या बायका, लेकरं, बँडवाले आणि शकीलभाई. शकीलभाई म्हणजे नुसता पाना.

"अहो," सुनंदा बायकांमधून पुढं आली.

"थांब गं. माणूस शोधतोय."

"कसला?"

"कसला म्हणजे? जाड."

तिनं मला एकदा फेट्यापासून बुटापर्यंत बघितलं. "जीपच्या आरशात बघा," ती म्हणाली.

बायकांमध्ये जो हशा पिकला, तो बँडच्या वर गेला. मी खरंच आरशात बघितलं. म्हणजे बघावं लागलं नाही, तो समोरच होता. माझं सबंध तोंड त्यात मावत नव्हतं. गावभरातल्या माणसांची वजनं नजरेनं मोजली आणि ज्या पोटावर हात ठेवून मोजत होतो, तेच मोजायचं राहिलं. वेशीचं झालं तेच.

मी गेलो आणि बंपरवर बसलो.

पाट्यांनी 'कर्र' केलं. मागून थोरले दाजी म्हणाले, "आता पडला फरक." वर कमानीतून चुन्याची भुकटी माझ्या फेट्यावर पडली आणि चौकट सुटली.

आता स्पॉटर कोण? मी बंपरवर, पाठ गाडीकडं, काही दिसत नाही. शकीलभाई पुढं आला, मान वर, हात वर. "आन दो, आन दो... मैं उप्पर देखरा साब, फिकर नक्को."

अशी आमची वरात वेशीतून बाहेर पडली. पुढं बंपरवर चुन्यानं पांढरा झालेला इंजिनिअर, मागं नवरदेव, त्याच्यामागं सगळी भावकी. पाचोडकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मला हात जोडले. नवरदेवाचा मामा मीच, असा त्याचा समज झाला होता. मीही जोडले.

मारुतीच्या पारावर संकेत उतरला. पाय भुईला लागला तो थेट पारावरच. मुहूर्त गाठला. भात मात्र थोडा लागलाच होता, पण कुणी बोललं नाही. बबनरावानं दोन्ही बाजू सांभाळायचा प्रयत्न केला होता हे सगळ्यांनी बघितलं होतं.

पंगतीत आबा माझ्या शेजारी येऊन बसले. मी पानाकडं बघत म्हटलं, "आबा, उद्या जीप घेऊन जातो. होती तशी करून देतो."

आबांनी वरणात भात कालवला. "कशापायी? येशीतून गेली का नाय?"

"गेली."

"मंग झालं. आजवर जीपमधी नवरदेव एकटा जायचा. आज सगळी भावकी एका गाडीत बसली. दोघं तर एकमेकांशी बोलत बी नव्हते, मांडीवर बसून आले." मग माझ्या ताटात स्वतःच्या हातानं जिलेबी वाढत म्हणाले, "पुढल्या लग्नाला बी तुमीच या. तवर वजन घटवू नका."

सर्जेराव रविवारी स्पर्धेला गेले. डोंगर चढले की नाही हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण गाडी परत सर्व्हिसिंगला आली तेव्हा मागच्या सीटखाली एक नीट घडी केलेला फेटा ठेवलेला होता. "थोरल्या दाजींचा हाय," ते म्हणाले. "म्हनले, जीपमधीच राहू दे, आपली जागा हाय ती."

तेव्हापासून गॅरेजवर कुणी गाडी उचलायची म्हणून आला की मी इंजिनाआधी त्याच्या घराचं फाटक विचारतो, पोर्च विचारतो, गावाला वेस आहे का विचारतो. लोकांना वाटतं, म्हातारा चळला. पण गाडी कुठं चढवायची हे गिऱ्हाईक सांगतं. ती बाहेर कुठून काढायची, हे आपण विचारायचं असतं.

त्या दिवशी परत येताना बिडकीनपर्यंत सुनंदा खिडकीबाहेर बघत बसली. मी फेट्यातला चुना झटकत होतो आणि तिनं काहीतरी कौतुक करावं म्हणून अधूनमधून खाकरत होतो. शेवटी मीच म्हटलं, "काढली की नाही पण गाडी?"

"काढली ना," ती म्हणाली. "वर उचलायला तुम्हाला सहा महिने लागले. खाली आणायला नुसतं बसावं लागलं. जे जमतं तेच करत जा."